नानाकडं हाय

सोनईच्या अलीकडे आमचं गाव. गावातून कुणीही प्रवासाला निघालं, की एसटीच्या थांब्यावर गहिनीनाथ नाना त्याला गाठतात.

"कार्ड कुठंय?"

"हे काय, पर्समदी."

"अन् पर्स गेली तर?"

"झेरॉक्स बॅगंत हाय की."

"बॅग गेली तर?"

"नाना, मी निस्ती राहुरीला चाललीय, मावशीकडं. दिल्लीला न्हाई."

"राहुरीला मानसं हरवत न्हाईत व्हय गं?"

मग ते शर्टाच्या खिशातून मांजरपाटाची छोटी पिशवी काढतात. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, गळ्यात अडकवायला नाडी असलेली. घरच्या शिलाई मशीनवर ते स्वतःच शिवतात. तिथंच उभ्याने कागदावर नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरच्यांचे नंबर आणि असला तर आजार लिहायचा, कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा आणि पिशवीत घालायचा. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. नाना हात वर करून त्याला थांबवतात. ड्रायव्हर थांबतो, कारण नाना एसटीतलेच.

नवी पोरं हसतात. म्हातारपणी नाद लागलाय म्हणतात. माझं माहेर नानांच्या घराला लागून आहे. मी आता नगरला, सावेडीत राहते, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. नानांच्या त्या पिशवीमागे काय आहे हे मला जवळून ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

नानांनी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. ते निवृत्त झाले पण अंगातली एसटी काही निवृत्त झाली नाही. कुठल्याही गाडीत चढले की त्यांचा उजवा हात आपोआप छताकडे जायचा, घंटीची दोरी शोधायला. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. खासगी बसमध्ये दोरी नसते, तर ते पत्र्यावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचे. जीपमध्येसुद्धा.

निवृत्तीनंतर गावातली म्हातारी माणसं त्यांच्या मागे लागली. "नाना, तुमी हिंडलेली मानसं, आमाला कुठं तरी देवाला न्या." नानांनी एक बस ठरवली, एक आचारी घेतला, गॅसची शेगडी आणि तांदळाचं पोतं चढवलं. अशी त्यांची यात्रा सुरू झाली. यात फायदा असा काही नव्हता. माणसं सुखरूप नेऊन सुखरूप आणायची, हाच त्यांचा आनंद होता.

पहिल्याच यात्रेत एक गोष्ट घडली. तिरुपतीला एका म्हाताऱ्याने आपलं आधार कार्ड धोतराच्या सोग्यात बांधून ठेवलं होतं. अंघोळीच्या गडबडीत ते कुठं पडलं कुणास ठाऊक. कार्डाशिवाय त्याला दर्शनाच्या रांगेत घेतलं नाही. सगळे वर जाऊन आले आणि हा बाहेर चपला राखत बसला. नानांना ते फार लागलं.

गावात आल्यावर त्यांनी नगरहून एक निळी फाईल आणली, पारदर्शक कप्प्यांची. पुढच्या यात्रेपासून नियम झाला: बसमध्ये पाय टाकला की कार्ड नानांकडे. एका जोडीला एक कप्पा. नवऱ्याचं कार्ड, त्याच्या पाठीला बायकोचं कार्ड, दोघांच्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी. एकट्या बायकांचा कप्पा बहिणीबरोबर नाही तर जावेबरोबर. फाईल एका रेक्झिनच्या बॅगेत आणि बॅग नानांच्या खांद्याला. झोपतानाही ती उशाला असायची.

माणसं निर्धास्त झाली. लॉजवाल्याने कार्ड मागितलं, देवळाच्या शिपायाने काही विचारलं, की आमच्या गावची माणसं छाती पुढे काढून एकच उत्तर द्यायची.

"नानाकडं हाय."

गावात त्याची म्हणच झाली. चष्मा सापडेना, "नानाकडं असंल." जावई रुसला, त्याची अक्कल कुठं गेली, "नानाकडं हाय." नाना स्वतःही हसायचे. आतून सुखावायचे, हे मी पाहिलं आहे.

मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "नाना, आमच्या कामात सगळं एकाच जागी ठेवत नाहीत. ती जागा गेली की सगळं जातं."

"जागा जाईल कशी? जागा म्हंजी मी." असं म्हणून त्यांनी बॅगेवर थाप मारली होती.

त्यांचं बरोबरच होतं. बॅग कधीच हरवली नाही.

भिमाजी तात्या आणि गोजरबाई हे नानांच्या प्रत्येक यात्रेतलं जोडपं. तात्यांची थोडी बागायत, दोन गाई. तात्या कमी बोलणारे. गोजरबाई ठेंगणी, काळीसावळी, तोंडाची फटकळ. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, त्यात तुळशीवृंदावन. साखरेचा आजार होता, पण प्रसादाच्या लाडवाला साखर लागत नाही असं तिचं मत होतं. ती नवऱ्याचं नाव कधी घेत नसे. "आमचं हे" म्हणायची. तात्याही तिचं नाव घेत नसत. घरात, मळ्यात, बाजारात एकच हाक: "अगं ए!" आणि लांबून उत्तर: "आले, वरडू नका, बहिरी न्हाई मी."

काशीच्या यात्रेला गेली तेव्हा तिने गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू आणला होता. आमच्याकडे मानतात की काशीचं पाणी रामेश्वराला घालायचं आणि रामेश्वराची वाळू परत नेऊन गंगेत सोडायची. तेव्हा यात्रा पुरी होते. निम्मी यात्रा देवाला पोचत नाही. गोजरबाईने तो गडू देवघरात जपला. तात्या आजारी पडले तेव्हा कुणीतरी म्हणालं, दोन थेंब गंगा द्या. "ती रामेसराची हाय," म्हणाली आणि डॉक्टरला बोलावलं.

पुढच्या पौषात, संक्रांत झाल्यावर नानांची बस दक्षिणेला निघाली. बसमधलं सगळं मला कडूबाईंनी सांगितलं. त्या गोजरबाईच्या चुलत जाऊ, दोघींचं बाक शेजारी. पुरुष पुढे आणि बायका मागे, अशी बसायची रीतच होती.

हंपीपाशी कुठंतरी वाळूचा विषय निघाला. तात्या पुढच्या बाकावरून मान न वळवता म्हणाले, "वाळूच सोडायची गंगंत, तर आपल्या मुळा नदीची न्यायची. वाळू ती वाळूच."

"तुमाला काय कळतंय?" मागून गोजरबाई. "मुळंत वाळू ऱ्हायलीय का आता? समदी ट्रॅक्टरनं गेली. रामेसरात तरी अजून हाय म्हन्त्यात."

सगळी बस हसली. आचारी सुद्धा हसला.

रामेश्वरला पोचल्यावर सकाळी समुद्रात अंघोळ, मग देवळातल्या बावीस कुंडांवर. प्रत्येक कुंडावर माणूस बादलीने पाणी काढून अंगावर ओततो. भिजलेल्या माणसांच्या रांगा दगडी ओसरीतून पुढे सरकत असतात. कपडे ओले होणार म्हणून मोबाईल, पैशांचे बटवे, गळ्यातली माळ, सगळं नानांच्या बॅगेत. कार्डं तर आधीपासून होतीच. तात्या आणि गोजरबाईंत मिळून एकच मोबाईल होता, तोही तात्यांचा.

स्नान झालं. लॉजवर येऊन कोरडे कपडे घातले, देवाला गंगा घातली, जेवणं झाली. मोबाईल ज्याचे त्याला मिळाले. बस लॉजच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बायका चढत असताना गोजरबाईने रिकामा गडू पदराखाली धरला आणि कडूबाईंना म्हणाली, "मी आलेच." कडूबाईंना वाटलं, बाथरूमला गेली असेल. त्या आपल्या बाकावर बसल्या, खिडकीला डोकं टेकलं. रात्रीचा प्रवास आणि पहाटेचं स्नान, त्यांचा डोळा लागला.

नानांनी दारात उभं राहून हजेरी घेतली. बायकांमध्ये जाऊन डोकी मोजणं त्यांना बरं वाटत नसे. म्हाताऱ्या बायका पदर तोंडावर घेऊन कलंडलेल्या असतात, त्यांना कशाला उठवायचं. शिवाय बाईला तिच्या नावाने पुकारायचं, आणि तेही तिच्या नवऱ्यासमोर, ही आमच्याकडे रीत नव्हती. ते फाईलच्या कप्प्यांप्रमाणे जोड्या पुकारायचे.

"भिमाजी तात्याची जोडी!"

"हाय!" तात्या म्हणाले.

त्यांच्या दृष्टीने ती मागे बायकांत होती. ती मागेच असायची.

पुढची जोडी, त्याच्या पुढची जोडी. मग नानांनी पत्र्यावर दोनदा वाजवलं आणि बस सुटली. समुद्रावरचा मोठा पूल आला. पुलावर सगळ्यांनी खिडकीतून पाण्यात नाणी टाकली आणि हात जोडले.

रामनाथपुरम मागे टाकल्यावर बस चहाला थांबली. बायका खाली उतरल्या. कडूबाईंनी चिवड्याचा डबा उघडला आणि पुढे येऊन विचारलं, "गोजरबाई कुठंय? म्हनलं नवऱ्यापशी येऊन बसली का काय."

"माझ्यापशी?" तात्या म्हणाले. "माघं हाय की तुमच्यात."

"आमच्यात न्हाई."

नाना बसमध्ये चढले आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले. बाकांखाली सुद्धा वाकून पाहिलं. मग उतरले. त्यांचा चेहरा पाहून ड्रायव्हरने हातातला चहा तसाच ओतून दिला आणि गाडी वळवली.

रामेश्वरला पोचेपर्यंत दिवे लागले होते. लॉजवर ती नव्हती, देवळात नव्हती, समुद्राच्या काठावर नव्हती. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शहाळेवाल्याने खुणांनी आणि हिंदीच्या चार शब्दांत सांगितलं: हो, अशी एक बाई आली होती. हातात लोटा होता. बस जिथं उभी होती, त्याच जागेवर बराच वेळ बसून राहिली. मी शहाळं दिलं, तिने घेतलं नाही. मग हिंदी बोलणाऱ्या यात्रेकरूंचा एक घोळका चालला होता, त्यांच्यामागे स्टेशनकडे गेली.

तात्या रस्त्यात उभे राहून हाका मारायला लागले. "अगं ए! अगं ए!" गर्दीतल्या कितीतरी बायकांनी वळून पाहिलं आणि पुढे गेल्या. कडूबाई त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "भावजी, नाव घ्या. नावानं हाक मारा तिला."

तात्यांनी तोंड उघडलं. मग ते ओरडले, "गोजर! ए गोजर!"

कडूबाई म्हणतात, "सत्तरीतला मानूस, पन हाक अशी मारली जशी नव्या नवरीला. तिनं आयकायला पायजे हुती."

पोलीस चौकीतला हवालदार भला माणूस होता. मोडक्या हिंदीत त्याने बाईचा फोटो मागितला. नानांनी बॅग उघडली, फाईल काढली आणि कप्पा बरोबर शोधला. एकमेकांना पाठ लावून ठेवलेली दोन कार्डं, खाली तिच्या साखरेच्या गोळ्यांची पाकिटं. हवालदाराने कार्ड उलटून पाहिलं, गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "हे सगळं तुमच्याकडे आहे. मग त्या बाईजवळ काय आहे?"

नानांनी गोळ्यांची पाकिटं काढून तात्यांच्या हातात दिली.

बाकीच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बस गावाकडे परतली. नाना आणि तात्या मागे राहिले. तिथल्या एका मराठी जाणणाऱ्या उपाध्यांनी त्यांना आसरा दिला. दोघं स्टेशनं धुंडाळत राहिले, देवळांच्या पायऱ्यांवरच्या भिकाऱ्यांच्या रांगांत चेहरे पाहत राहिले. गोळ्यांची पिशवी तात्या खिशात घेऊन फिरायचे, भेटली की लगेच द्यायला. शेवटी तात्यांना ताप भरला आणि नाना त्यांना घेऊन गावी आले.

तात्यांचा मुलगा अजिनाथ थांब्यावर आला होता. त्याने बापाला उतरवून घेतलं आणि सगळ्या गावासमोर नानांना म्हणाला, "जाताना दोघं दिल्ती तुमाला. मोजता येतं ना? सगळी जिंदगी तिकिटं फाडली ना तुमी?"

"अजिनाथ, गप," तात्या म्हणाले.

"का गप? कुनाचं काय हरवलं की नानाकडं हाय, नानाकडं हाय! माझी आय कुठंय नाना? काढा की बॅगंतून!"

नानांनी खांद्यावरची बॅग काढून त्याच्या पायाशी ठेवली आणि घराकडे चालत गेले. अजिनाथने बॅगेला हात लावला नाही. शेवटी मीच ती उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

त्यानंतर नाना घराबाहेर निघेनात. मी सुट्टीला गावी गेले की त्यांच्याकडे बसायचे. एकदा ते म्हणाले, "दिशा, तुमच्या त्या कम्प्युटरात मानूस सापडतं का?"

मी सांगितलं, सापडेलच असं नाही, पण सांगता तरी येतं सगळीकडे. हंपीला काढलेल्या घोळक्याच्या फोटोतून मी गोजरबाईचा चेहरा कापून घेतला. त्यात ती कुणावर तरी डाफरत होती. माझ्या कंपनीत तमिळ येणारा एक मित्र होता, त्याने मजकूर तमिळमध्ये करून दिला. गोंदण, गडू, साखरेचा आजार, माझा नंबर. रेल्वेच्या, रुग्णालयांच्या, निराधारांसाठी काम करणाऱ्या माणसांच्या जितक्या गटांत पोचवता आलं तितक्यांत ते पोचवलं. रोज कुठून तरी फोन यायचा, फोटो यायचा. मी तो नानांना पाठवायचे. ते लगेच फोन करायचे. "न्हाई गं. ही न्हाई." आणि दर वेळी त्या आवाजात हायसं वाटणं आणि खचणं एकत्र असायचं, कारण बहुतेक फोटो जिवंत माणसांचे नसायचे.

उन्हाळा सरत असताना एका स्वयंसेवकाचा निरोप आला. बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार करणारी त्यांची संस्था. त्याने दोन फोटो पाठवले होते. एका फोटोत हात, त्यावर तुळशीवृंदावन. दुसऱ्यात तांब्याचा गडू, तोंडाला लुगड्याची चिंधी बांधलेली.

हे फोटो मी नानांना मोबाईलवर पाठवले नाहीत. सावेडीहून स्कूटर काढली आणि गावी गेले. त्यांनी फोटो पाहिला, मोबाईल मला परत दिला आणि उठून सदरा घालायला लागले. "चल. भिमाजीला सांगू. मीच सांगतो."

तात्यांची तब्येत प्रवासाची नव्हती. नाना आणि अजिनाथ गेले. जाताना दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले, असं अजिनाथच मला पुढे म्हणाला.

तिकडच्या एका जंक्शनवर ती फलाटावर पडलेली आढळली होती. रेल्वे पोलिसांनी सरकारी दवाखान्यात नेलं. साखर फार वाढलेली, पायाला जखम. त्यांनी जे करायचं ते केलं. काही दिवस ती होती, मग गेली. नावाच्या जागी त्यांना 'अनोळखी स्त्री' लिहावं लागलं. ठराविक काळ वाट पाहून संस्थेने अग्नी दिला. तिच्या वॉर्डातल्या एका परिचारिकेने गडू मात्र जपून ठेवला होता, कुणी आलंच तर द्यायला.

परिचारिकेला तमिळच येत होतं, म्हणून अजिनाथने मला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी माझ्या मित्राला शेजारी बसवून घेतलं. ती सांगत होती, तो मला सांगत होता, मी त्या दोघांना.

ती सांगत होती, बाई गडू सोडत नव्हती. उशाला घेऊन झोपायची. कुणी हात लावला की रागवायची. आम्हाला तिची भाषा कळत नव्हती. हिंदी येणाऱ्याकडून विचारवलं, खुणांनी विचारलं. तुझं कार्ड कुठं आहे? गाव कुठलं? घरी कोण आहे? ओळखीचं काही आहे का?

"मग?" अजिनाथ म्हणाला. "काय म्हनली?"

परिचारिका म्हणाली, काहीही विचारलं तरी एकच बोलायची. रोज ऐकून ऐकून मला पाठ झालंय. आणि तिने ते म्हणून दाखवलं. माझ्या मित्राला काही सांगावं लागलं नाही, मलाही नाही. तिने ते आमच्याच हेलात म्हटलं, गोजरबाईच्या हेलात.

"नानाकडं हाय. समदं नानाकडं हाय."

फोनवर काहीतरी खाली टेकल्याचा आवाज आला. अजिनाथने नंतर सांगितलं, नाना भिंतीला धरून तिथंच जमिनीवर बसले.

परतीच्या गाडीत अजिनाथ त्यांच्या शेजारी बसला. कितीतरी स्टेशनं गेली. शेवटी म्हणाला, "तिनं माझं नाव न्हाई घेतलं, नाना. बापाचं तर घेनारच नव्हती. तुमचं घेतलं."

"तिला भरवसा हुता," नाना म्हणाले. अजिनाथने त्यांच्यासाठी चहा घेतला. कप त्यानेच त्यांच्या ओठाशी धरला.

गडू गावात आला. तात्यांनी चिंधी सोडली. आत काठोकाठ वाळू होती, समुद्राची, ओल धरून बसलेली. त्यांनी बोटाने ती जरा चाळवली आणि पुन्हा चिंधी बांधली. मग म्हणाले, "निम्मी ऱ्हायली की गं."

त्या दिवसापासून नानांनी मांजरपाट आणून पिशव्या शिवायला सुरुवात केली. निळी फाईल उघडली, ज्याचं कार्ड त्याच्या घरी स्वतः नेऊन दिलं. एकच कार्ड त्यांच्याकडे राहिलं. ते द्यायला ते तात्यांच्या दारापर्यंत बऱ्याचदा गेले आणि तसेच परत आले.

दिवाळीनंतर तात्या स्वतःच नानांच्या ओट्यावर आले. "नाना, काशीला जायचंय. वाळू सोडायला."

"भिमाजी, मी आता कुनाला नेत न्हाई."

"मग मी कुनासंगट जाऊ?"

बस निघाली तेव्हा मी थांब्यावर होते. माणसं पूर्वीपेक्षा कमी होती. काहींच्या मुलांनी पाठवलंच नव्हतं. जे आले त्यांच्या गळ्यात मांजरपाटाच्या पिशव्या होत्या आणि कार्डं ज्याच्या त्याच्या कनवटीला. अजिनाथने बापाला धरून चढवलं, खिडकीजवळ बसवलं, शेजारच्या जागेवर गडू ठेवला आणि खाली उतरला.

नानांचे हात रिकामे होते. ते दारात उभे राहिले नाहीत. बसच्या पार मागच्या बाकापासून सुरुवात केली. एकेका बाईसमोर उभं राहून तिचं नाव घ्यायचे.

"कडूबाई."

"हाय."

"बनुबाई."

"हाय जी."

तिच्या गळ्यातली पिशवी हाताने चाचपायची आणि पुढे जायचं. नावाने पुकारल्यावर एक-दोघी लाजल्या, पण कुणी हसलं नाही. असे ते पुढे येत येत तात्यांच्या बाकापाशी आले.

"भिमाजी."

"हाय."

नानांनी त्यांच्या गळ्यातली पिशवी पाहिली. मग स्वतःच्या शर्टाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं, गोजरबाईचं. इतके दिवस अंगावर बाळगून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्यांनी ते पुढे केलं. तात्यांनी कार्ड घेतलं, त्यावरचा फोटो अंगठ्याने पुसला, गडूच्या चिंधीच्या गाठीत ते खोचलं आणि गडू उचलून मांडीवर घेतला.

"दोघं हाय, नाना," ते म्हणाले. "चला."

नाना दारापाशी आले. उजवा हात छताकडे गेला आणि पेराने पत्र्यावर एक टोला पडला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. सगळी बस दुसऱ्या टोल्याची वाट पाहत होती. नानांचा हात वरच होता. ते पुन्हा एकदा मागे वळून शेवटच्या बाकापर्यंत पाहत होते.